आईच्या डब्यातल्या तीन चिठ्ठ्या

नवघर, भाईंदर पूर्व
शनिवार, ११ फेब्रुवारी २००६

प्रिय नीलम,

तुला प्रभूमध्ये सलाम.

इकडे आम्ही बरे आहोत. स्वप्नीलला कॉल सेंटरमध्ये कायम केलं. आता दिवसा झोपतो आणि झोपेत इंग्लिश बोलतो. पाणी एक दिवसाआड येतं, तेही अर्धा तास. तू दिलेलं गुडघ्याचं तेल संपत आलंय.

पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुला दिसलंच असेल. घेऊन आलेत त्यांना पाणी दे, बाहेरच्या खोलीत बसव आणि आत जाऊन सावकाश वाच. पाकीट मी चिकटवलंय, पण नसतं चिकटवलं तरी चाललं असतं. दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले साळवे नाहीत.

या आठवड्यात दोनदा तुला फोन लावला. तू "हां ताई, बोल" म्हणालीस आणि मी पाण्याचंच बोलत बसले. म्हणून लिहितेय.

साळव्यांचं तुला मागच्या महिन्यात कळवलं होतं. काशीनाथ साळवे, आपल्या चर्चच्या मंडळीत पेटी वाजवतात, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, बायको जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी तुझ्यासाठी विचारलं होतं. तू उलट लिहिलंस, "ताई, माझं डोकं चालत नाही. अडतिसाव्या वर्षी असं कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आईच्या डब्यातून माझ्यासाठी एक वचन काढ. जे निघेल ते मी मानीन."

डबा काढला. तो हिरवा पत्र्याचा डबा, आईच्या अक्षरातल्या बायबलच्या वचनांच्या गुंडाळ्या. आईचा नियम तुला माहीतच आहे. आधी प्रार्थना, डोळे मिटलेले, हात एकदाच घालायचा. शिलाई मशीन घेण्यापासून तुझ्या नर्सिंगच्या फॉर्मपर्यंत सगळं तिने असंच ठरवलं.

मी प्रार्थना केली नाही. इथूनच सुरुवात चुकली.

पहिली चिठ्ठी उघडली तर घर सोडून निघणाऱ्याची पाठराखण करणारं वचन. मी ती गुंडाळून परत टाकली. मनाला म्हटलं, नीट ढवळलं नव्हतं. ढवळलं. दुसरी निघाली ती आनंदाची. तीही परत टाकली. तिसरीत धीर धरून वाट पाहायला सांगितलं होतं. ती मी तुला कळवली. वर लिहिलं, "ताईचंही मन प्रार्थनेत स्वस्थ झालं नाही गं." आपल्या लोकांत एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. तूही विचारलं नाहीस. "देवाची इच्छा. त्यांना तूच नकार कळव" म्हणालीस.

आणि मी कळवलासुद्धा.

तू विचारशील, का? हे लिहायला मला सकाळपासून दोन कागद फाडावे लागले.

स्वप्नीलचे बाबा गेल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे प्रार्थना असते. साळवे पेटी घेऊन येतात. सगळ्या बायका गेल्या की थोडा वेळ थांबतात. कधी नळ बघतात, कधी कपाटाची बिजागरी. मला "मनोरमाबाई" म्हणायचे. मला वाटायला लागलं, नीलम. सेहेचाळिसाव्या वर्षी मी गुरुवारची साडी बुधवारी इस्त्री करून ठेवायला लागले. मग नाताळात तू आलीस आणि उपासनेनंतर सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, "तुम्ही पेटी फार घाईत वाजवता. म्हाताऱ्या बायकांना श्वास पुरत नाही." मी त्या घाईत सात वर्षं गात होते, कधी चकार शब्द काढला नव्हता. तुझ्या पाच मिनिटांनंतर ते सावकाश वाजवायला लागले. अजून वाजवतात. प्रत्येक गाण्याला मला तुझं तोंड दिसतं.

जानेवारीत एका गुरुवारी ते थांबले. मी चहा ठेवला. म्हणाले, "मनोरमाताई, तुमच्या बहिणीबद्दल बोलायचं होतं." त्या दिवसापासून मी ताई झाले.

मला तुझा राग आला. लहानपणी आईने तुझ्या वेण्या आधी घालाव्यात तेव्हा यायचा तसाच, पण आता तो अंगभर होता. जळले मी, दुसरा शब्द नाही. आणि त्या जळण्याला मी देवाची सही लावून पाठवली.

नकार सांगितला तेव्हा साळव्यांनी एवढंच विचारलं, "त्यांनी स्वतः ठरवलं ना?" मी हो म्हटलं. ते गेले. पुढच्या गुरुवारी आले ते पेटी घेऊन, नेहमीसारखे. प्रार्थनेत त्यांनी तुझं नाव घेतलं. तुझ्या दवाखान्यातल्या रात्रपाळ्यांसाठी, तुझ्या पाठदुखीसाठी. मी तुझी सख्खी बहीण, आणि तुझ्यासाठी प्रार्थना परका माणूस करत होता.

परवा गुरुवारी मी त्यांना थांबवून चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पेटीचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "चिठ्ठीवर ठरवलं तर 'हो' आलं असतं तरी मला नको होतं. आईंनी डबा धीरासाठी ठेवला असेल. ठरवायला देवाने डोकं दिलंय, विचारायला तोंड दिलंय. मीच जाऊन विचारतो."

तेव्हा आता मोठी बहीण म्हणून जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. माणूस सरळ आहे, दारूला शिवत नाही. पण घर वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी पिंकी दहावीला आहे आणि आईच्या फोटोला कोणाला हात लावू देत नाही. तिला तू लगेच आवडणार नाहीस. तुझी नोकरी सुटेल, इथे पुन्हा नव्याने शोधावी लागेल. हे सगळं त्यांनाच समोर बसवून विचार. प्रार्थना कर, दोन दिवस घे, दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरशी बोल. माझा सल्ला यात धरू नकोस. मी अजून स्वच्छ झालेली नाही. तू नाही म्हणालीस तर मला आतून बरं वाटेल, हे माहीत असूनच तुला लिहितेय.

डबा त्यांच्याबरोबर पाठवलाय. आईची आठवण म्हणून तुझ्याकडे राहू दे. त्यातून काही काढू नकोस.

एक मागते. मी साडी इस्त्री करत होते ते त्यांना कधी सांगू नकोस. लग्न ठरलंच तर येईन, तुझ्या वेण्याही घालीन. पुढच्या बाकावर बसायला मात्र सांगू नकोस.

आता बाहेर जा. फार वेळ झाला, ते बिचारे डबा मांडीवर घेऊन बसले असतील. चहा टाक. त्यांना बिनसाखरेचा लागतो, आल्याचा, आणि कप काठोकाठ भरलेला आवडत नाही. त्यांच्याबद्दल एवढं एकच मला तुझ्याआधी ठाऊक होतं. तेही आता तुला दिलं.

तुझी,
डबा रिकाम्या हाताने बंद केलेली,
ताई