ऑगस्टच्या अंकातलं माझं पान

९ फेब्रुवारी २००३, रविवार
कॅलिफोर्नियात खोली मिळाली. सामान लावायच्या आधी जाहिरात चिकटवली. १९८८ची, स्केटबोर्डच्या मासिकातून फाडलेली. रिकामा पोहण्याचा तलाव, त्याच्या काठावरून चाकांच्या फळीसकट उडालेला लॉनी आर्विझू, तोंड हाताआड, मागे नुसतं निळं. खाली एकच ओळ: कॉमेट फळ्या. खाली बघू नका. नेब्रास्कात दहा वर्षं हीच माझ्या उशाशी होती. तेव्हा माणसं उडायची. आताच्या जाहिरातीत नुसते बूट.
निश्चय: याच मासिकाच्या ऑगस्टच्या अंकात, कॉमेटच्या जाहिरातीत, माझं पान. आईला फोन करून सांगूनही टाकलं. नववीत शाळा सोडली तेव्हा तिने विचारलं होतं, पुढे काय. हे पुढे.

११ फेब्रुवारी
कॉमेटच्याच गोदामात लागलो. पॅकिंग. तात्पुरतं. त्यांनी मला एकदा फळीवर बघितलं की खोकी दुसरं कोणीतरी भरेल.
पॅकिंगचा मुख्य: पोट सुटलेला, टक्कल पडलेलं, गुडघ्याला पट्टा. नाव लॉनी आर्विझू. तोच! म्हटलं, तुम्ही माझ्या भिंतीवर आहात. म्हणाला, कोणता, केसवाला? मग म्हणाला, ए नेब्रास्का, टेप सरळ लाव.
फार कीव आली. माणसाने वेळेवर नाहीसं तरी व्हावं.

६ मार्च
सराव सुरू. उद्यापासून.

२ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत मी जुनी मासिकं काढली. लॉनी बरीटो खात पानं उलटत होता. हा आता नळ दुरुस्त करतो. हा घरं विकतो. हा तुरुंगात. हा माझ्यापेक्षा चांगला होता. विचारलं, मग त्याचं काय झालं? म्हणाला, लग्न.
मी म्हटलं, माझं असलं काही होणार नाही. म्हणाला, बरोबर आहे, त्यासाठी आधी जाहिरातीत यावं लागतं. सगळे हसले.
जळतो माझ्यावर.

२६ एप्रिल, शनिवार
कॉमेटचा फोटोग्राफर थिओ ब्रँडवोल्ड आला होता. त्याला सांगून ठेवलेलं, जवळच्या शाळेच्या सोळा पायऱ्यांचं रेलिंग मी झोपेतही फळीवरून घसरत उतरतो.
चौतीस वेळा गेलो. चौतीस वेळा पडलो. फळी घसरावी म्हणून रेलिंगला मेण लावतात, ते कोणीतरी कमी लावलंय.
पण हवेत मी होतो. ते कोणी नाकारू शकत नाही.

२९ एप्रिल
फोटो धुऊन आले. थिओचा फोन: एक तर इतका झकास आहे की सरळ ऑगस्टला देतो. फक्त सांग, उतरलास का?
इथल्या लोकांचा हा जुनाट हट्ट. उडताना कोणीही सुंदर दिसतो म्हणे. पाय फळीवर ठेवून खाली उतरलास आणि पुढे गेलास, तरच छापायचं.
म्हटलं, तू गेल्यावर उतरलो. म्हणाला, कोणी बघितलं?
तोंडातून निघून गेलं, लॉनीने.

३० एप्रिल
लॉनीने खोक्यांच्या मागे नेलं. थिओने त्याला विचारलंय. लॉनीने शुक्रवारी सांगतो म्हणून वेळ मागून घेतली. मला म्हणाला, उद्या पाचला ये, मी पायऱ्यांखाली उभा राहतो. एकदा उतर. एकदाच. कोणत्या दिवशी उतरलास ते मी विसरून जाईन.
उपकार दाखवतोय.

१ मे
टाच दुखतेय. वाराही आहे. शिवाय चाकं बदलायला झालीत.
लॉनी साडेसातपर्यंत तिथे उभा होता म्हणे. त्याला दुसरं काम काय?

२ मे, शुक्रवार
त्याने थिओला सांगितलं, नाही बघितलं. संपलं माझं पान.
विचारलं, तुमचं काय जात होतं? म्हणाला, त्या तलावात मी एकशे नऊ वेळा पडलो, पोरा. तो फोटो एकशे दहाव्या वेळचा आहे.
म्हटलं, म्हणूनच गुडघा असा झालाय. तो हो म्हणाला आणि टेप कापायला लागला.

२७ जून
ऑगस्टचा अंक आला, नेहमीसारखा महिनाभर आधीच. माझ्या पानावर १९८८ची जाहिरात. जशीच्या तशी. मालकांनी लॉनीची जुनी फळी पुन्हा बाजारात काढलीय. सकाळपासून त्याच फळ्यांची खोकी भरतोय.
लॉनी शेजारी टेप लावत होता. बोलला असता तर उत्तर तयार होतं.

२९ जून, रविवार
आईचा फोन. चाळीस मैल गाडी चालवून पेट्रोल पंपाच्या दुकानातून अंक आणला तिने. म्हणाली, वेंडेल, ही तर तुझ्या भिंतीवरची रे. हिचे कोपरे सुटले की मीच चिकटवायचे. तू कुठे आहेस यात?
सांगितलं, उजव्या कोपऱ्यात. छपाईत कापला गेलो.
पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, दुकानात अजून एक प्रत होती. उद्या जाऊन बघते. तिच्यात कदाचित नसशील कापला गेला.