जावयाच्या पाठीला

नंदुरबार
५ ऑक्टोबर २०२४

॥ श्री ॥

चि. सौ. दीपूस दादाचे भरभरून आशीर्वाद. गिरधररावांना नमस्कार.

फोनवर सगळं बोलून झालंच आहे, पण अण्णा पोस्टमास्तर होते आणि कागदावर आल्याशिवाय बातमी खरी मानायची नाही हा त्यांचा दंडक. तेव्हा लिहून कळवतो की तुमची गाडी आली. दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या आत आमच्या शोरूमला या. पांढरा रंग मिळाला. दोन महिने वेटिंग असताना तुमचा नंबर मी कसा पुढे सरकवला ते विचारू नकोस.

तुझ्या यजमानांना एक आठवण दे. बारा वर्षांपूर्वी मी त्यांना याच कंपनीची पहिली छोटी गाडी दिली होती. हॉर्न टिटवीसारखा ओरडायचा म्हणून तळोद्यात तिचं नाव टिटवी पडलं. दार लावलं की पिंपाचं झाकण पडल्यासारखा आवाज. लग्नाला गेले की गिरधरराव ती मांडवापासून लांब, निंबाखाली लावायचे आणि शेवटची दोनशे पावलं चालत यायचे, आठवतं? मला तर लोक विचारायचे की हेमकांत, डब्यासोबत चमचा फुकट का? आता त्याच कंपनीच्या गाडीला टकरीच्या परीक्षेत पाच तारे मिळाले आहेत. सहा एअरबॅगा. डॉक्टर, कारखान्याचे संचालक रांगेत उभे राहतात. मी तोच, शर्ट तोच, पण हल्ली मला हेमकांतभाऊ म्हणतात.

आईचं काय सांगू. गेल्या दोन महिन्यांपासून ती जुनी लुगडी काढून तुमच्या गाडीसाठी सीटकव्हरं शिवते आहे. नऊ पदर, गोधडीसारखा टाका. डोळ्याला दिसत नाही, सुईत दोरा चेतना ओवून देते, आणि नातीने हात लावलेला तेवढाच. टाका दुसऱ्या कुणाला घालू देत नाही. मी म्हटलं बाजारात तयार मिळतात, तर म्हणाली, जवाईबुवाना पाठले टोचाले नको.

लोभ आहेच, तो नव्या गाडीवर सगळा उधळू नका, थोडा आमच्यासाठी ठेवा.

तुझा
दादा


तळोदा
२० नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

ती. दादास शि. सा. न. वि. वि. आईला साष्टांग, वहिनीला नमस्कार, चेतनाला पापा.

पत्राला उशीर झाला, कारण घरात गाडीशिवाय दुसरा विषयच नाही. हे रोज सकाळी पपईच्या शेतात जायच्या आधी तिला ओल्या फडक्याने पुसतात. मला बारा वर्षांत एवढ्या प्रेमाने चहा विचारला नाही. परवा एका लग्नात गाडी थेट मांडवाच्या तोंडाशी लावली. वाजंत्रीवाले ओरडले तरी हलवली नाही. परत येताना स्वतःशीच म्हणत होते, आते कोन म्हनस डबा?

पारावरच्या चर्चा तुला सांगायला हव्यात, तुझ्या साहेबांना कळव. करमसिंगकाका म्हणतात इंजिन चांगलं, पण आवाज नाही, गाडी आली हे लोकांना कळणार कसं. मास्तरांची मोहिनी म्हणते मागच्या सीटवर तिघी जाड बायका बसल्या तरी घासत नाही. तोरणमाळला जाऊन आलो. टिटवी त्या घाटात तीनदा पाणी प्यायची, ही एका दमात वर. वर गेल्यावर हे खाली उतरून तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं.

पण सगळ्यांत जास्त नाव झालं आहे ते आईच्या कव्हरांचं. ज्याला त्याला तशीच हवी आहेत. करमसिंगकाकांनी तर लुगडी काढूनसुद्धा ठेवली. आईला सांग, जावयाची पाठ आता खरंच दुखत नाही. हे म्हणतात, सासूबाईंच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. हे वाक्य त्यांचं, माझं नाही!

जानेवारीत पहिली सर्व्हिसिंग आहे, गाडी तुझ्याकडेच पाठवू. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.

आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
दीपू


नंदुरबार
९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमालास,

वर श्री घातलेला नाही. आणि तुझ्या नावामागे बारा वर्षं जे लिहीत होतो तेही आज लिहिता आलं नाही. पेन तिथे थांबलं.

तेराव्यानंतर तुला तिथे सोडून निघताना मी तुझ्याशी धड बोललो नाही, म्हणून लिहितो. तू सारखं विचारत होतीस की ते कसे गेले, दुखलं का. पोलिसांनी मला सांगितलं ते असं : खापर गावच्या बाजारातून पपईच्या व्यापाऱ्याला भेटून ते परत निघाले होते. फाट्यावरून हमरस्त्यावर चढताना उजवीकडून ट्रक आला. त्याने ब्रेक दाबला होता, वेग फार नव्हता. धडक त्यांच्या दारावर बसली. पट्टा लावलेला होता. अक्कलकुव्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धीवर होते आणि तुझं नाव घेत होते. त्यानंतर फार वेळ लागला नाही.

आई जेवत नाही. हातात सुई आणि मांडीवर कापड घेऊन बसते, एवढंच. सुईने तिला दुसरं काही आठवत नाही म्हणून मी काढून घेत नाही.

अंगणवाडीच्या कामावर लवकर जायला लाग. घरात बसू नकोस. काहीही लागलं तर हा भाऊ आहे. तुझ्यावरचं छत्र मी होऊ शकत नाही, पण आडोसा तरी होऊ दे.

दादा


तळोदा
१६ मार्च २०२५

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. त्यात एक गोष्ट नाही, म्हणून हे लिहिते आहे.

खिडकीवरची एअरबॅग उघडली होती, पोलीस म्हणाले. त्यांच्या डोक्याला खरचटलंही नव्हतं, मी स्वतः पाहिलं, आंघोळ घालताना केस विंचरले. गेले ते बरगड्यांनी. डॉक्टर म्हणाले छातीचा उजवा भाग आत गेला. मग बरगड्यांसाठी सीटच्या कडेला जी बॅग असते, जी दाखवताना तू दसऱ्याला दहा मिनिटं भाषण दिलंस, ती कुठे होती? सहा म्हणालास. माझ्या हिशेबाने पाचच भरतात.

दादा, मी आता येईल त्याला सांगते आहे की पाच तारे खोटे आहेत. पत्र्याला रंग लावला की लोक सोनं म्हणतात. डबा तो डबाच. मोहिनीच्या घरच्यांनी हीच गाडी बुक केली होती ती रद्द केली, आणखी एकाने केली. तुझ्या पोटावर पाय येतो हे मला कळतं. पण माझं काय गेलं ते तू मोज.

यांनी कंपनीवर विश्वास ठेवला नव्हता रे. कंपनी त्यांना काय माहीत? तू म्हणालास म्हणून त्यांनी टिटवी घेतली, तू म्हणालास म्हणून ही घेतली. ती बॅग का उघडली नाही, एवढं मला कागदावर लिहून पाठव. फोनवर नको, फोनवर तू खोकतोस.

आईला जप. तिला यातलं काही बोलू नकोस.

दीपू


नंदुरबार
२२ जून २०२५

चि. दीपूस,

तीन महिने उत्तर दिलं नाही. आता देतो. हे एकटी असताना वाच.

तारे खोटे नव्हते. बॅग होती, आणि ती फुगलीही. पण बाहेर येऊ शकली नाही. फेब्रुवारीअखेर कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन गाडी पाहून गेला. सीटच्या उजव्या कडेतून ती बॅग बाहेर येते, आणि त्या कडेवर आईची नऊ पदरी शिवण होती.

मला हे माहीत होतं. आमच्या शोरूममध्ये काउंटरच्या मागे पाटी आहे, सीटच्या कडेला जाड कव्हर घालू नका म्हणून. ती मीच लावली आहे. गिऱ्हाइकांना मी ते दिवसातून पाच वेळा सांगतो. दसऱ्याला आई झेंडूचा हार घेऊन उभी होती, तिला मी हळूच म्हटलं की कडेची शिवण मोकळी सोडू या. ती म्हणाली, उसवलेलं जावयाला देत नाहीत. मी माझ्याच हाताने ते कव्हर चढवलं. मनात म्हटलं, नंतर गुपचूप उसवून टाकू.

नंतर म्हणजे जानेवारीत गाडी सर्व्हिसिंगला आली. मी ब्लेड घेऊन सीटपाशी बसलो, दीपू. टाके इतके बारीक होते, एकसारखे. दिसत नसताना घातलेले. मला ते कापवेनात. मी ब्लेड खिशात ठेवलं आणि गाडी धुऊन परत पाठवली. त्यानंतर गिरधरराव अकरा दिवस जगले.

मार्चमध्येच तुला लिहिणार होतो. पण वाटलं, कंपनीला बोल लागला म्हणून कंपनी मरत नाही. आईला कळलं तर आई मरेल. असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझं नाव पुढे येईल याचीच भीती जास्त होती.

आता लिहितो आहे त्याला कारण आहे. आई पुन्हा शिवायला लागली. मला वाटलं दुःख विसरते आहे, शिवू दे. परवा चेतनाने सांगितलं की चार गाड्यांची कव्हरं तिने पुरी करून पाठवलीसुद्धा. तुमच्याकडचे करमसिंग, खापरच्या सिंधुबाईंचा मुलगा, अक्कलकुव्याचे मगनशेठ आणि शहाद्याचे गुलाबसिंग. चारही गाड्यांना कडेच्या बॅगा आहेत. मी दोघांना फोन केला, पाटीवरचं सगळं सांगितलं. एक हसला. दुसरा म्हणाला कंपन्यांना आपली कव्हरं विकायची असतात. खरं कारण सांगितलं तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जाईल. न सांगितलं तर काय होईल ते तुला मी सांगायला नको.

मी काय करू? मोठा मी, आणि विचारतो तुला. माया उरली असेल तर उत्तर दे.

हेमकांत


तळोदा
३ जुलै २०२५

ती. दादास,

कव्हरांचं मला एप्रिलपासून माहीत होतं.

यांचा चष्मा आणि चपला आणायला मी अक्कलकुव्याच्या पोलीस ठाण्यात गेले होते. गाडी मागच्या आवारात उभी होती. सीटच्या कडेला कापड आतून फुगून फाटल्यासारखं दिसलं. शिवण काही केल्या उसवेना, शेवटी दातांनी तोडली. आत पांढरी बॅग चुरगळून पडली होती. मी ते कव्हर काढून पिशवीत घालून घरी आणलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्यानंतरही तारे खोटे म्हणत राहिले, आईकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. तुला कळवलं नाही, कारण तुला माहीत नसणार असं धरून चालले होते. माहीत झालं तर दादा स्वतःला खाईल, असं वाटायचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरली.

चौघांकडे जाऊन आले. पाटीवरचं काही बोलले नाही. एवढंच सांगितलं की अशाच कव्हरांवर माझा माणूस गेला, त्याच सुईने शिवलेलं हे कापड आहे, आणि तुमच्या कव्हरांच्या कडा मी शिवल्या आहेत, या हातांनी, ते गेल्यावर. शेवटचं खोटं होतं. पण एवढं पुरलं. मगनशेठनी अर्धा कप चहा तसाच ठेवून नोकराला हाक मारली. सिंधुबाईंनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि गाडीवर गोमूत्र शिंपडलं. गुलाबसिंगांच्या सुनेने पोरांना आत नेलं. करमसिंगकाकांच्या सुनेने तर हात लावला नाही, काठीने ओढून कव्हरं अंगणात टाकली. ज्या बाईच्या बाळंतपणात मी दहा दिवस उठबस केली, तीच ही. मी ती गोळा करून आणली. चारही गाड्या मोकळ्या झाल्या.

आता कुणाच्या हळदीला मला बोलावणार नाहीत, अंगणवाडीतल्या दोन बायांनी पोरांना पाठवणं बंद केलंय. ते माझं मी बघेन. मोहिनीच्या घरी जाऊन आले, गाडी चांगली होती, मी रागात बोलले असं सांगितलं. यांना कुणी गाडीला डबा म्हटलेलं सोसायचं नाही, निदान तेवढं तरी पुसलं.

आईला सांग, दीपूला थंडी वाजते म्हणून चारही घरांची कव्हरं तिने मागून घेतली. खूश होईल. आणि तिला घरातल्या पोरांसाठी दुपटी शिवायला दे, गाडीचं कापड देऊ नकोस.

आईला दिसत नाही, वाचता येत नाही. तिने मायेने शिवलं, तिचं काही चुकलं नाही. तू पाटी लिहिलीस, ब्लेड हातात घेतलंस, आणि टाके मोजत बसलास. यावर मला अजून रडू येत नाही, त्याची भीती वाटते.

तुला माझ्यासाठी काही करायचं असेल तर एक कर. ते ब्लेड खिशात ठेव. जाड कव्हराची गाडी समोर आली की कुणी शिवलंय ते विचारू नकोस, कड उसवून टाक.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्यासाठी वेगळं लिहिलं आहे, त्यात सगळं ठीक आहे. लोभाचं म्हणशील तर आईपुरता आहे, तुझ्यापुरता मला शोधावा लागेल.

दीपमाला गिरधर पाटील