उभं राहायचं की बसायचं

बॉबलिंगेन, रविवार

तीर्थरूप नागेशमामांस,

शार्दूलचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आता बरे असावेत. संपदा, स्वराली आणि मी खुशाल आहोत. पैकी माझी खुशाली मध्यंतरी धोक्यात आली होती.

शेजारचे दीटर आणि उटे हे आजोबा-आजी (स्वरालीला किंडरगार्टननंतर उटेच सांभाळते, म्हणून तर आम्हा दोघांच्या नोकऱ्या चालतात) इथल्या कंट्री म्युझिक फेराइनचे आधारस्तंभ. फेराइन म्हणजे आपलं मंडळच, फक्त नियमांनी चालणारं. शनिवारी सगळे काउबॉयच्या टोप्या घालून अमेरिकेची गाणी म्हणतात. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. दीटरने झेंड्याचं गाणं सुरू केलं आणि मी, थिएटरातल्या सवयीने, ताडकन सावधान! मला पाहून सगळा हॉल उठला. (जर्मन माणसाला एखादी गोष्ट नियम वाटली, की तो आधी पाळतो, मग चौकशी करतो.) पुढे उटेचं गाणं, युद्धाविरुद्धचं. तेव्हा मात्र सगळे आरामात बसले आणि बिअरकडे वळले. उटेने गाणं अर्ध्यात थांबवलं. झेंड्याला उभे राहता आणि माणसांच्या गाऱ्हाण्याला बसता? झालं! नवरा-बायकोत अबोला, मंडळात दोन तट, उटेचं डोकं दुखतंय म्हणून स्वराली माझ्या ऑफिसात, आणि संपदा रोज एकच विचारणार, "तुला उभं राहायला कुणी सांगितलं होतं?"

शेवटी सभा भरली. मी भीतभीत सांगितलं की आमच्याकडे झेंड्याला उभे राहतात, पण निषेध करायचा तर बसतात. माझे मामा पाण्यासाठी नगरपालिकेच्या दारात ठिय्या देऊन बसलेत.

"जमिनीवर?" उटेने विचारलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, मी म्हणालो.

ठराव एकमताने मंजूर झाला. आता दीटरच्या गाण्याला सगळे उभे, उटेच्या गाण्याला सगळे फरशीवर. सत्तरीतली मंडळी बसतात झटकन, उठताना मात्र आम्हाला धावावं लागतं. काल उटेला दीटरनेच हात देऊन उठवलं आणि दोघं हसली. मामा, मला फार बरं वाटलं. सोमवारपासून स्वराली पुन्हा तिच्याकडे.

मामींना नमस्कार.

तुमचा
शार्दूल

ता. क. तुम्ही अजून बसलाच आहात, असं मी सांगून बसलोय. पाण्याचा टँकर त्याच दिवशी जेवणाआधी आला आणि तुम्ही उठलात, हे सांगायचा धीर झाला नाही. दोघं डिसेंबरात तुमच्याकडे येताहेत. उटेला तुमच्या शेजारी बसायचंय. तेव्हा एक दिवस तरी बसाच. पाणी नीट येत असेल तर दुसरं काही शोधा.

ता. क. २. जवळ एखादा झेंडाही लावा. दीटरला उभं राहायला काहीतरी हवं.