ही आत गेली की गोल होतो

३ फेब्रुवारी, शनिवार
नवी वही. संकल्प: रोज लिहिणे, थोडक्यात लिहिणे, रेफरीबद्दल अपशब्द न लिहिणे.

आज आपला फुटबॉल क्लब हरला. ०-२. कारण उघड आहे. ही घरात नव्हती. मुलगी तिला तपासण्यांसाठी घेऊन गेली होती. मी शुक्रवारची वेळ घ्या म्हणून सुचवलं होतं, पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण.

वही नवी आहे म्हणून नियम एकदा लिहून ठेवतो. एकोणीस वर्षांपूर्वी सेमीफायनलला आपण एका गोलने मागे होतो. ही दूध उतू जाईल म्हणून आत गेली आणि गोल झाला. बाहेर आली, आपण गोल खाल्ला. पुन्हा आत पाठवली, पुन्हा गोल. तेव्हापासून मॅच सुरू झाली की ही किचनमध्ये. मी अंधश्रद्धाळू नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षं काढली, एक नट नशिबावर सोडला नाही. मी फक्त नोंदी ठेवतो. नोंदवहीत रकाना आहे: तारीख, स्कोअर, ही कुठे. हातच्या काकणाला आरसा कशाला.

तिलाही हा मानच वाटतो. किचन हॉलला लागून आहे, आत सगळं स्वच्छ ऐकू येतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार
रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की पाहुणा मुक्कामाला येतो.

मी विचारलं, किती आठवडे बाहेर? डॉक्टर बराच वेळ कागद सारखे करत राहिले. म्हणाले, असं सांगता येत नाही. मी बारा धरलेत. सीझनची शेवटची मॅच १२ मेला आहे. त्याआधी ही फिट. हिशोब बरोबर बसतो.

ही घरी येताना म्हणाली, तुमच्या मोज्यांना भोक पडलंय, नवे घ्या. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३.४०
सलूनवाल्याचा फोन. हा आमच्या क्लबप्रेमींच्या ग्रुपचा सेक्रेटरी. माझ्या गुडघ्यांमुळे स्टेडियमच्या पायऱ्या बंद झाल्या, पण मॅचच्या वीस मिनिटं आधी त्याचा फोन ठरलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारतो, वहिनी जागेवर आहेत ना? मी म्हटलं, आहेत. मग तो पूर्वेच्या स्टँडकडे बघून अंगठा वर करतो आणि दीडशे माणसं निवांत खाली बसतात.

हिच्या स्टुलाला उशी बांधून दिली. ही हसली. म्हणाली, एकोणीस वर्षांत बढती मिळाली.

५.५५
१-० जिंकलो. लंबूचा गोल. मी कधी नव्हे इतका ओरडलो. सोमवारपासून मऊ भात आणि सूप शिकणार.

१२ फेब्रुवारी, सोमवार
भात शिकलो नाही. तिसऱ्या गल्लीत एक लिफ्ट अडकली होती. उद्या.

२४ फेब्रुवारी, शनिवार
औषधाने हिला फार थकवा येतो. स्टुलावर बसवत नाही. विचारत होती, आज मॅचच्या वेळी हॉलमध्ये कोचावर आडवी होऊ का. मी लगेच नाही म्हटलं नाही. विचार केला. माणसाने लवचीक असावं.

मार्ग काढला. फोल्डिंगची खाट किचनमध्ये टाकली. ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये बरोबर बसते, दोन बोटं उरतात. मी टेपने मोजलं होतं. शिवाय आत हवा चांगली येते.

मुलगी औषधं घेऊन आली, तिने खाट पाहिली. ती जे बोलली ते लिहीत नाही. सारांश असा की, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, त्यासाठी आईला फ्रिजशेजारी झोपवतात का. मी तिच्यापुढे नोंदवही ठेवली. तिने उघडलीसुद्धा नाही. ही पडल्या पडल्या म्हणाली की असू दे गं, मला इथलीच सवय आहे. ऐकलंस ना, असं मी मुलीला म्हटलं. मुलगी निघून गेली.

२-१ जिंकलो.

१३ मार्च, मंगळवार
हिचे केस गळायला लागलेत. सलूनवाला दुकान बंद ठेवून घरी आला. मशीन सोबत आणलं होतं, पण आधी साध्या कात्रीने हळूहळू कापत बसला. तासभर हिच्याशी आपल्या गोलकीपरबद्दल बोलत होता. मग केस झाडून कागदात गुंडाळले आणि पुडी खिशात घालून घेऊन गेला, हिला कचऱ्याच्या डब्यात दिसू नयेत म्हणून.

मी त्याला सोडायला खाली गेलो तर स्कूटरपाशी उभा राहून चष्मा पुसत होता. आमच्या रस्त्यावर धूळ फार आहे.

हिला टोपी विणायला घेतली आहे कोणीतरी ग्रुपमध्ये. नारिंगी, क्लबच्या रंगाची.

१८ मार्च, रविवार
भात केला. खाली लागला. ही म्हणाली, छान झालाय, वरचा वरचा वाढा.

७ एप्रिल, शनिवार
हरलो. सलग तिसरी. ही आत होती, तरी हरलो. बहुधा खाटेमुळे. पडून राहणं आणि उभं असणं यात फरक असणार. रकान्यात 'किचन (आडवी)' अशी वेगळी नोंद सुरू केली आहे.

संध्याकाळी हिने एक मागितलं. माझ्याकडे तिने असं काही मागितलेलं मला आठवत नाही, एकदा शिलाई मशीन मागितलं होतं ते सोडून. म्हणाली, एक मॅच तुमच्याशेजारी बसून बघायची आहे. एकच. मग पुन्हा जाईन आत.

मी म्हटलं, एवढंच ना. शेवटची मॅच, १२ मे. तोपर्यंत आपण खालच्या गटात घसरण्याच्या धोक्यातून बाहेर असू, म्हणजे जोखीम नाही. ही म्हणाली, त्याच्या आधीची कुठली नाही का चालणार. मी तिला पॉइंट टेबल समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

वचन म्हणजे वचन. इथे लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

१९ एप्रिल, गुरुवार
डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, औषधं आता बंद करू, घरी न्या, त्यांना हवं ते करू द्या.

औषधं बंद. म्हणजे गरज उरली नाही. बारा आठवडे म्हटलं होतं, अकराव्यातच आटोपलं. मुलगी बाहेर बाकावर रडत होती. आनंदानेही रडू येतं माणसाला. मी तिला चहा आणून दिला. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चहा सांडला थोडा.

घरी येताना नवे मोजे घेतले.

२० एप्रिल, शुक्रवार
झोप नाही. कारण: उकाडा.

५ मे, शनिवार
हरलो. आता १२ तारखेला किमान बरोबरी हवी, नाहीतर क्लब खालच्या गटात जाणार. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

६ मे, रविवार
ग्रुपची सलूनमध्ये मीटिंग झाली म्हणे. मला बोलावलं नाही. माझ्या वचनाची बातमी मुलीने फोडली असणार. आमच्या ग्रुपमधले मास्तर, निवृत्त, गणित शिकवायचे, त्यांचा फोन आला. म्हणाले, ग्रुपचं ठरलंय, वहिनींना हॉलमध्ये बसवा, क्लब घसरला तर घसरला, पुढच्या वर्षी वर येईल.

मास्तरांचं आता वय झालं. मी म्हटलं, तुम्ही सांगायची गरज नाही, दोन रेघा मारल्या आहेत मी.

१२ मे, शनिवार, सकाळी ६
हिला कोचावर बसवणार. माझ्या उजवीकडे. तीन उशा. पाणी, टोपी, पांघरूण हाताशी. काही झालं तरी किचनचं नाव काढणार नाही. हे लिहून ठेवतो आहे.

दुपारी ३.४०
फोन आला. आज सलूनवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. वहिनींना नमस्कार सांगा, एवढंच म्हणाला.

रात्र, हॉस्पिटल
क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा.

ग्रुपने सहा वर्षांपूर्वी तिला नारिंगी जर्सी दिली होती. तेलाचे डाग पडतील म्हणून तिने कधी घातली नव्हती. आज घातली. खांद्यावरून घसरत होती, मी पिन लावून दिली.

पहिला हाफ ०-०. हिने विचारलं, यातला लंबू कोणता. मला हसूच आलं. एकोणीस वर्षं मॅच ऐकणाऱ्या बाईला लंबू माहीत नाही. मी दाखवला. तर म्हणते, अहो, हा तर बुटका आहे. मी म्हटलं, म्हणून तर लंबू. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग एकेकाला विचारत गेली, पोपट कोणता, डॉक्टर कोणता, आणि तुम्ही ज्याला नेहमी शिव्या देता तो कोणता. तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. हात फार हलका झाला आहे.

७१ व्या मिनिटाला आपण गोल खाल्ला.

मी काही म्हटलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो. एक शब्द नाही. मी फक्त किचनच्या दाराकडे पाहिलं. एकदाच. फार तर दोनदा.

ही उठली. मी म्हटलं, बस. हळू म्हटलं असेन. ती म्हणाली, असू द्या, तुमचा क्लब आहे. भिंतीला धरून धरून आत गेली. मी उठून तिला धरायला हवं होतं. पण तेवढ्यात आपल्याला कॉर्नर मिळाला.

८६ व्या मिनिटाला लंबूने गोल केला. १-१. क्लब वाचला. मी ओरडलो, कोचावर उभा राहिलो, गुडघ्यांसकट. सलूनवाल्याचा फोन आला, दोघंही रडलो. पूर्वेच्या स्टँडचे ढोल फोनमध्ये ऐकू येत होते. यात आठ-दहा मिनिटं गेली.

मग तिला सांगायला आत गेलो. खालीच बसली होती, फ्रिजला पाठ टेकून. स्टुलापर्यंत पोचली नव्हती. ओठ निळे दिसत होते. म्हणाली, लंबूने मारला ना? तुम्ही त्याच्या गोलला असेच ओरडता.

अॅम्ब्युलन्सला चौदा मिनिटं लागली.

नोंदवहीत आजचा रकाना भरलेला नाही.

१४ मे, सोमवार
ही झोपून आहे. मुलगी एका बाजूला, मी एका बाजूला. ग्रुपने पाळ्या लावल्यात, सकाळचा हाफ, दुपारचा हाफ. मास्तर बाहेर बाकावर शब्दकोडं घेऊन बसतात, एक शब्द भरलेला नाही. नर्सने विचारलं, हे सगळे कोण? मी म्हटलं, घरचे.

संकल्प: ती बरी झाली की पुढचा पूर्ण सीझन कोचावर. उजवीकडे. क्लब दहा वेळा घसरला तरी चालेल.

१६ मे, बुधवार
ही गेली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

मी तिथेच होतो. मॅच नव्हती.

२ जून, शनिवार
ग्रुप घरी आला होता. हॉलमध्ये चौदा माणसं. चहाची वेळ झाली तरी आत जायला कोणी उठेना. सगळे किचनच्या दाराकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. शेवटी मास्तर गेले. त्यांना साखर सापडली नाही. बिनसाखरेचा चहा सगळ्यांनी निमूट प्यायला.

जाताना सलूनवाला म्हणाला, दादा, दर शनिवारी फोन मीच करत होतो. मी त्याला म्हटलं, तू फक्त विचारायचास. तिला आत ठेवायचो मी.

मुलीला नोंदवही दिली, फेकून दे म्हणून. तिने यावेळी उघडली. एकोणीस वर्षं, प्रत्येक ओळीत 'किचन, किचन, किचन'. म्हणाली, बाबा, आईचा एवढा हिशोब ठेवलात. आणि वही मलाच परत दिली.

११ ऑगस्ट, शनिवार
नव्या सीझनची पहिली मॅच. ३.४० ला सलूनवाल्याचा फोन आला. सवयीने म्हणाला, वहिनी. मग थांबला. मग त्याने ठेवला.

ठरवलं होतं की बघायची नाही. पण मग वाटलं, तिची जागा रिकामी कशाला. टीव्ही लावला, आवाज नेहमीएवढा, अठरावर. आत गेलो, नेहमीसारखं दार लावलं आणि तिच्या स्टुलावर बसलो. उशी अजून बांधलेलीच आहे. समोर ओटा, डावीकडे फ्रिज, वर एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीसमोर.

काही ऐकू आलं नाही. आधी वाटलं, मॅच सुरू व्हायची असेल. मग फ्रिज बंद केला. नळ घट्ट केला. दाराला कान लावला. टीव्हीतलं एक अक्षर आत येत नाही. भिंत नऊ इंची आहे. टेप घेऊन मोजली.

तसाच बसून राहिलो. सहा वाजता हॉलमध्ये गेलो तर जाहिराती चालू होत्या. आपण जिंकलो होतो, दोन-शून्य.

मला एकही गोल कळला नाही. ओरडायला बाहेर कोणी नव्हतं.