या चाकानं दामोदरन नेला

धसई, रविवार संध्याकाळ

राग त्या गाईडचा आहे, की माझाच?

आज हिला घेऊन विमानांचं संग्रहालय बघायला गेलो. हवाई दलात असताना मी ज्याची चाकं आणि ब्रेक सांभाळायचो, तेच विमान तिथं उभं. शेपटीवरचा नंबर वाचला आणि पाय थबकले. चाकांना चकचकीत काळा रंग फासलेला.

गाईड लोकांना सांगत होता, "या विमानानं एकही माणूस गमावला नाही."

मी ओरडलोच. "गमावला! आमचा दामोदरन. याच चाकात हवा भरताना रिम फुटून छातीत घुसली त्याच्या."

तो हसला. "काका, मी पायलटचं बोलतोय."

म्हणजे आम्ही खाली राबणारे माणसं नव्हतोच? चाकाला रंग दिला की झालं? आणखीही काय काय बोललो. लोक बघत राहिले. शेवटी हिनं दंड धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं.

"इतकी वर्षं मला कधी नाय सांगितलंत तुमी?"

मग सांगितलं. त्या दिवशी हवा भरायची पाळी माझी होती. मला चहाची तलफ आली. "तू भर, मी आलोच," म्हणालो आणि कॅन्टीनकडे गेलो.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्याच्या घरी कोण होतं?"

"आई."

"तिला भेटलात?"

नाही. साधं पत्रही लिहिलं नाही.

गाईडला निदान माहीत तरी नव्हतं.