मातीच्या ढिगावरचा घुमट

बाबा, आज ऑफिसकडून तुझ्या चर्चची तपासणी करून आले. शिरपूरच्या बसमधून फाट्यावर उतरले आणि पुढे पायीच गेले. ऑफिसचा सहकारी मोटरसायकलने मागून येणार होता, पण मला तो घुमट लांबून, एकटीने पाहायचा होता. तुरीच्या वावरांवर आधी नुसतं पांढरं काहीतरी तरंगतं, मग ते हळूहळू गोल होत जातं. अगं बाई, केवढासा आहे तो! माझ्या डोक्यात इतकी वर्षं आभाळाएवढा होता.

तुला ते पुस्तक आठवतं का रे? तिथल्या दहा-बारा ख्रिस्ती घरांच्या वस्तीचे पाळक जगभरातल्या चर्चांच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक पिशवीत घालून आपल्या घरी आले होते. "मिस्त्री, आमाले लहानसंच पायजे. पण आत आल्यावर मान आपोआप वर गेली पायजे जी," एवढंच त्यांचं म्हणणं. तू देवळं बांधली होतीस, मंगरुळपीरच्या उस्तादाच्या हाताखाली घुमट शिकला होतास, पण चर्च आतून एकही पाहिलं नव्हतंस. मग रोज संध्याकाळी चुलीपुढे आपली शाळा भरायची. आई भाकरी थापते आहे, पुस्तक माझ्या मांडीवर आहे, कारण तुझ्या हातांना चुना. मी फोटोखालचं इंग्रजी अडखळत वाचते आणि पान उलटते. नॉर्वेचं लाकडी चर्च येतं, छपरावर छप्पर, त्यावर आणखी छप्पर, आणि टोकांना जबडा वासलेली लाकडी तोंडं. "सुतारानं जीव ओतला राजेहो," तू म्हणतोस. ब्राझीलचं येतं, वाकलेले खांब हात वर करून गोल उभे आणि मधे सगळी काच. "उन्हाळ्यात शिजून निंगतीन लोकं." पोलंडचं तर जमिनीखाली मिठाच्या खाणीत कोरलेलं, झुंबरंसुद्धा मिठाची. आई तव्यावरून न पाहताच म्हणते, "बरं हाय. वरण अळणी झालं का भित खरवडाची." आपण तिघंही हसत सुटतो.

आणि मग इथिओपियाचं. अख्ख्या खडकात वरून खाली खोदत नेलेलं, छत जमिनीच्या बरोबरीला आणि चर्च खाली खड्ड्यात उभं. तू पुस्तक ओढून घेतलंस, चुन्याच्या हातांसकट. भाकर गार झाली तरी तुझं लक्ष नाही. "यानं काहीच नाही बांधलं वं पोरी," तू म्हणालास, "नको ते काढत गेला. हे मले जमते."

भिंती उभ्या झाल्यावर तू ती खोली मातीने गच्च भरलीस. वर ढीग, ढिगाला सुतळीने गोल आकार, आणि त्या ढिगावर विटा. येणारेजाणारे खिदळायचे, "मिस्त्री मातीले घर बांधून राह्यला!" महिनाभर पाणी मारलं. मग सगळी वस्ती घमेली घेऊन आली आणि दारातून माती बाहेर जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी माती माझ्या कमरेपर्यंत उतरली आणि मी मान वर केली. आत थंडगार होतं, ओल्या विटांचा वास, आणि डोक्यावर ते गोल, कशावरच न टेकलेलं. मी उगाच हूं केलं, तर ते वर फिरून माझ्याकडेच परत आलं. तू विटांना हात लावून उभा होतास आणि रडत होतास. त्याआधी मी तुला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पण पायाचं बोलायला हवं, त्याचसाठी लिहायला बसले आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, हे तूच मला शिकवलंस. तीन बाजूंना तसंच खोदलंस. चौथ्या कोपऱ्यात वस्तीतला एक म्हातारा येऊन उभा राहिला. "मिस्त्री, माही माय हाये जी तिथं. तिले राहू द्या." वर थडग्याचा दगड नव्हता, काही नव्हतं. मी मोठी शहाणी, फटकन बोलले, "बाबा, मुरूम लागल्याबिगर थांबू नको. तूच सांगतो ना?" तू माझ्यावर असा खेकसलास! "चूप राह्य! तुह्या मायवर कोणी फावडं चालोलं त?" तो कोपरा दीड हातावरच राहिला. मी तुझ्यावर चार दिवस रुसले होते.

आज त्याच कोपऱ्यातून भेग निघाली आहे, बाबा. भिंत चढून ती थेट घुमटात गेली आहे, माझा अख्खा पंजा आत जातो. घुमटाला बांधून धरणारं खालचं कडंच तुटलं आहे, आता टेकू देऊन भागणार नाही. रविवारी पोरं त्याच्याखाली बसून गाणी म्हणतात. त्यांना शिकवते ती त्या म्हाताऱ्याची नात. तिने मला दारातच ओळखलं, "मिस्त्रीची पोरगी ना तुमी? आजा लय सांगे त्यायचं." मग हळूच विचारलं, "ताई, उभं राहीन ना हे?"

मी रिपोर्ट लिहिला. घुमट उतरवून घ्यावा. कारण: एका कोपऱ्याचा पाया मुरमापर्यंत नेलेला नाही. हे लिहिताना मला तुझा राग आला, आणि मग तुझ्या जागी असते तर मीही खोदलं नसतं हे कळून तो गेलाही. आता तू नाहीस, तर हे पत्र मी कुठे टाकणार? फायलीत नाही लावता येत, म्हणून पर्समध्येच राहील.

एक राहिलं. फॉर्मात खाली एक रकाना असतो, बांधकाम करणाऱ्याचं नाव. तोवर सहकारी येऊन पोचला होता. त्याने पेन उघडून विचारलं, "कोणी बांधलं, माहीत हाय का मॅडम?" मी म्हटलं, "नाही. जुनं आहे, कोणाला आठवत नाही." तुझं नाव वाचवलं की माझं, ते मलाच सांगता येत नाही. म्हाताऱ्याची नात शेजारीच उभी राहून ऐकत होती. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली, आणि मी ते प्यायले.