शिवेबाहेरची ओटी

शिरगुंडी स्टेशन, फाल्गुन, सन १९३६

तीर्थरूप मालुआक्कास मनूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? आम्ही सगळे बरे आहोत. गाव मात्र इतकं वाढलंय की ते बरं आहे की सुजलंय, कळत नाही.

परवा हरभऱ्याचे डहाळे सोलताना तुझी फार आठवण झाली. आठवतं का, आपण दोघी शिवेच्या दगडावर बसून डहाळे सोलत होतो, टरफलं एकमेकींच्या परकरात टाकत होतो, आणि समोरून टोपीवाला साहेब साखळी ओढत आपल्या करडईतून चालला होता (विचारलं कुणाला त्यानं?). तू म्हणालीस, "मने, उठू नको गं. आपण उठलो तर त्यो हितंच रूळ टाकंल." आपण दिवस मावळेपर्यंत बसलो. साहेबानं वीस हात पलीकडून रूळ टाकले. शिरगुंडीच्या प्रगतीला झालेला तो पहिला आणि शेवटचा विरोध.

तेव्हा गावात दोन विहिरी, एक देऊळ आणि एक भांडण होतं. आता स्टेशन आहे, तंबाखूच्या अकरा वखारी आहेत, परशरामशेठचा तपकिरीचा कारखाना आहे. पूर्वी कोंबडा आरवला की गाव उठे. आता कारखान्याचा भोंगा झाला की कोंबडा दचकून उठतो. सगळं गाव दिवसभर शिंकतं. शिंकेचा अपशकुन धरला तर एकही सोयरीक जमायची नाही, म्हणून भटजींनी निकाल दिलाय की तपकिरीची शिंक धरायची नाही, फक्त सर्दीची धरायची. (मुलीकडचे आता आधी नाक तपासतात.)

यंदा बारा वर्षांनी लक्ष्मीची यात्रा आहे. तुला रीत सांगायला नको, पण पत्र दाजी वाचून दाखवणार आणि ते पडले मूळचे सांगलीकडचे, म्हणून लिहिते. यात्रेआधी गाव वार पाळतं. शेवटच्या मंगळवारी गावात चूल पेटवायची नाही. वेशीला काटे लावून सगळ्यांनी शिवेबाहेर जायचं, तिथंच शिजवून खायचं आणि दिवस मावळल्यावर परतायचं. आणि यात्रेत देवीची पहिली ओटी आपल्या घरची. आप्पांना मुलगा नाही, म्हणून घर आणि मान दोन्ही माझ्या पदरी आले. यंदा माझ्या सुनेनं, विद्युल्लतेनं, ती ओटी भरावी एवढीच माझी इच्छा. पुढच्या यात्रेला मी कुठं असणार आहे?

पण शीव कुठली? दगड रूळ टाकताना उपटला, तो कुठं गेला कुणाला ठाऊक नाही (असं सगळे म्हणतात). तेव्हा पंच बसले. पहिला प्रश्न इंजिनाचा: त्याच्या पोटातला विस्तव वाराला चालतो का? स्टेशनमास्तर रामय्यांना विझवण्याविषयी विचारून झालं. ते अजून हसताहेत. शेवटी नागोजी पाटील म्हणाले, "इंजिन पावणं हाय. पावण्याच्या चुलीचा दोष गावाला न्हाय." मग शीव आखली. परशरामशेठ देवीला नवा रथ देणार आहेत, म्हणून ती त्यांच्या कारखान्याला पोटात घेऊन गळगंडासारखी फुगली आणि आमच्या फाटकाशी येऊन थांबली. आम्ही बाहेर! "मनुबाई, वाईट वाटून घिऊ नगा," नागोजीअण्णा म्हणाले. "पर मान गावातल्या घराला." म्हणजे कुणाला? त्यांच्याच सुनेला, यशोदाबाईला.

आता गंमत ऐक. काल शेवटचा मंगळवार. सगळं गाव शिवेबाहेर निघालं आणि आलं कुठं? माझ्या अंगणात! बाहेर म्हणजे आमचंच घर ना. माझ्या विहिरीचं पाणी, माझ्या पेरूची सावली, सत्तर चुली, आणि नागोजीअण्णा माझ्या कट्ट्यावर आडवे. तेवढ्यात सकाळची गाडी आली. उतारूंनी पाहिलं: ओस गाव, वेशीला काटे, माळावर माणसं. प्लेग! धडाधड खिडक्या मिटल्या. दुपारच्या गाडीनं बेळगावाहून गोरा डॉक्टर आणि टोचणीची पेटी हजर.

पळायचं कुठं? गावात शिरावं तर वार मोडतो. डॉक्टरनं हातभर (मला तरी तेवढी वाटली) सुई काढली. पाटील म्हणून पहिला मान नागोजीअण्णांचा.

"मनुबाई, त्येला इंग्लिशीत सांगा की! पिलेग न्हवं, देव हाय म्हणावं!"

मी म्हटलं, "अण्णा, मी शिवेबाहेरची. गावच्या देवाचं मला काय कळतंय?"

"तुमी गावच्याच वो! तुमच्या परसापत्तोर गाव हाय!" डॉक्टर एक पाऊल पुढं आले. "हिरीपत्तोर!" आणखी एक पाऊल. "त्या बाभळीपत्तोर! वटी तुमचीच, आई लक्ष्मीची आन!"

(म्हणजे आजचा भात गावातच शिजला, हे देवीचा राखणदार मष्णू यानं दाखवून दिलं. मग नवी शीव उद्यापासून धरायचं ठरलं.)

मग मी माझं इंग्रजी बाहेर काढलं. तुझं लग्न लवकर उरकलं आणि आप्पा कॉन्व्हेंटात दूध घालत होते, म्हणून मला ते मिळालं. चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवलेल्या शालूसारखं, घडीघडीवर विरलेलं. सिस्टरांनी प्रार्थना, पाहुण्यांचं स्वागत आणि माफी मागणं एवढंच शिकवलं होतं. तेवढ्याच शब्दांत मी लक्ष्मीची यात्रा बसवली. डॉक्टरनं वहीत ‘पिकनिक’ असं लिहून घेतलं आणि दोनदा भात मागून खाल्ला.

तुझी धाकटी,
मनू

ता. क. दाजी, इथून पुढं दार लावून आणि हळू वाचा. नागोजीअण्णा आता म्हणतात, दगड सापडला तर मान कायमचा पक्का. ते शनिवारी अनगोळला तुमच्याकडे चौकशीला येताहेत. दाजी, तुम्हीच तो गाडीत घालून नेलात आणि आक्का त्यावर धुणं धुते, हे त्यांना कळता कामा नये. आक्का, नीट आठव. घरातून गावात जाताना तो दगड वाटेत लागायचा. आपलं घर पहिल्यापासून शिवेबाहेरच! दगड मूळ जागी परत बसला की मान गेलाच. आजी म्हणायची, वाराच्या दिवशी गाव पहिलं पाणी आपल्या विहिरीचं पितं, म्हणून पहिली ओटी आपली. पण हे आता कुणाला पटेल? लोकांना रेघ लागते.

ता. क. २. सोबत टोपली पाठवते. खण तुला. तपकिरीची डबी नागोजीअण्णांना, आल्याबरोबर द्यावी, म्हणजे शिंकण्यात वेळ जाईल. चिक्की दाजींना, खोकला गेला असेल तरच. आपण दोघी गेल्यावर दगड विद्युल्लतेला, पालथाच, म्हणजे कुणी ओळखणार नाही. डहाळे तुझ्या दोन्ही नातींना, पण शनिवारी, आणि दगडावर बसवून. टरफलं एकमेकींच्या परकरात टाकली तर रागवू नकोस. पाटील जाईपर्यंत उठायचं नाही, एवढं मात्र दोघींना बजावून सांग.